आधी रंग, मग रेघ

आमच्या घुम्याला बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यातला प्रकार. घुम्या हे नाव मीच ठेवलं त्याचं. आई गेली तेव्हा तो अगदी लहान होता, मी जरा कळती, आणि आमच्या दोघांच्या वाट्याची सगळी बडबड मला एकटीलाच मिळाली असावी. मी बसस्टँडसमोर लाँड्री चालवते. हिची इस्त्री आणि तोंड दोन्ही सकाळपासून तापलेली असतात, असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणोत बापडी. कपडे माझ्याकडेच आणतात ना?

घुम्या पेंटर. पेंटर म्हटलं की लोकांना दुकानाची पाटी आठवते, नाहीतर सिनेमाचं पोस्टर. घुम्या त्यातलं काही करत नसे. तो शाळांच्या भिंतींवर देशाचा नकाशा काढायचा, बस्स, तेवढंच. आमच्याकडे प्रत्येक शाळेच्या मैदानाकडच्या भिंतीवर मोठा नकाशा असतो. उन्हानं तो विटतो, पोरं चेंडू मारून मारून त्याचे पोपडे काढतात, आणि काही वर्षांनी तो नव्यानं काढावा लागतो. एका शाळेचं उरकेपर्यंत दुसरीचं बोलावणं येतं. त्यामुळे माझ्या भावाला कामाची ददात अशी कधी पडली नाही.

त्याची पद्धत ठरलेली. आधी भिंत घासून पांढरा हात द्यायचा. मग दोरीला निळीची भुकटी चोळून ती भिंतीवर ताणून धरायची आणि मधोमध फटकारायची, की सरळ निळी रेघ उमटते. अशा आडव्याउभ्या रेघांच्या चौकटी पाडायच्या आणि कागदावरच्या लहान चौकटीत जे असेल ते भिंतीवरच्या मोठ्या चौकटीत उतरवायचं. मग देशांचे रंग भरायचे, आपला पिवळा, शेजारच्यांचा करडा, आणि ते भरताना थोडे इकडेतिकडे सांडले तरी चालतं. सरहद्दीची काळी रेघ सगळ्यात शेवटी. ‘आधी रंग, मग रेघ,’ म्हणायचा तो. ‘रेघ आधी काढली की हात तिला घाबरतो.’ एवढं लांबलचक वाक्य घुम्याच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या विषयावर मी ऐकलं नाही.

आता वरच्या खोऱ्याचं सांगायला हवं, कारण सगळी आग तिथली. नकाशात उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक खोरं आहे. डोंगर, एक नदी, चारदोन वस्त्या, आणि हिवाळ्यात चिटपाखरू नाही. आमच्या आजोबांच्याही आधीपासून ते आमचं की शेजाऱ्यांचं हा वाद. शिक्षण खात्याचा जुना नियम असा होता, की तेवढ्या जागेत तिरप्या रेघा मारायच्या, एक पिवळी, एक करडी. म्हणजे बघणाऱ्यानं समजावं, याचं अजून ठरायचंय.

कचेरीत बसून रेघा मारा म्हणायला काय जातं? भिंतीला ओल असते. एका शाळेत घुम्यानं त्या तिरप्या रेघा काढल्या आणि सकाळी येऊन बघतो तर पिवळ्यात करडा उतरून शेवाळ साचल्यासारखं झालेलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. हेडमास्तर डोक्यावर बसलेले, दुसऱ्या दिवशी समारंभ, पाहुणे येणार. घुम्याला आला कंटाळा. त्यानं ते सगळं खरवडलं आणि खोरं सपाट पिवळं करून टाकलं. तळहाताएवढी तर जागा! कोण बघतंय, असं त्याला वाटलं.

बघितलं ते नेमकं आबांनी. आबा म्हणजे ‘खोऱ्याचे आबा’. सारा देश त्यांना याच नावानं ओळखायचा. उभं आयुष्य या माणसानं खोरं आपलं, खोरं आपलं एवढंच सांगत गावोगाव काढलेलं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, दोन जोड कपड्यांवर राहिला. मी त्या माणसाला पुष्कळ शिव्या दिल्यात, पुढे सांगेनच, पण तो ढोंगी होता असं मी म्हणणार नाही. तर त्या समारंभाला आबाच पाहुणे होते. भाषण करता करता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते थांबले. डोळे भरून आले म्हणे त्यांचे. ‘आमच्या सरकारांना जे जमलं नाही,’ ते म्हणाले, ‘ते या साध्या पेंटरनं एका ब्रशच्या फटकाऱ्यात करून दाखवलं!’ आणि घुम्याला पुढे बोलावून त्याच्या पाठीवर थाप मारली. पेपरात फोटो आला. फोटोत घुम्याचं तोंड असं, जणू खिसा कापताना पकडलाय.

झालं. प्रत्येक शाळेला आता तसाच नकाशा हवा. तिरप्या रेघा काढणारा पेंटर म्हणजे भित्रा, अशी हवा झाली. पुढे आबांच्या पक्षाला चार जागा जास्त मिळाल्या, सरकार त्यांच्या पाठिंब्यावर आलं, आणि खात्याचा हुकूमच निघाला की खोरं पिवळंच दाखवायचं. घुम्याला काय, काम हलकं झालं. कंटाळ्यातून झालेली गोष्ट देशाचा बाणा होऊन बसली, आणि आम्ही हसलो तिच्यावर. वहिनी, म्हणजे घुम्याची बायको, तर गमतीनं म्हणायची, ‘यांनी एका दुपारी देश वाढवला, पण घरातल्या फळीला रंग द्यायला सांगा, वर्ष लावतील.’

त्यांचा पोरगा तेव्हा रांगत होता. एकुलता एक. त्याला आम्ही ठिपक्या म्हणायचो, कारण बाप बांबूच्या परांचीवर आणि हा खाली मातीत खेळत, वरून रंगाचे थेंब पडून पोर सदा ठिपक्याठिपक्यांचं. माझा भाचा म्हणून सांगत नाही, पण लाघवी पोर. बापाच्या उलट, बोलका. माझ्याकडे दुकानात आला की काउंटरवर चढून बसायचा आणि म्हणायचा, ‘आत्या, तुझी इस्त्री आपल्या देशासारखी दिसते.’ मी म्हणायची, ‘हो रे बाबा, आणि तशीच चटकेही देते.’ शाळेत गेल्यावर पहिल्याच वर्षी बाई हातात छडी घेऊन पोरांना भिंतीसमोर उभं करायच्या आणि पोरं एका सुरात म्हणायची, ही नदी आपली, हा समुद्र आपला, हे वरचं खोरं आपलं. ठिपक्याचा आवाज सगळ्यात वर. का नसावा? ते खोरं त्याच्या बापानं काढलेलं.

मोठा झाला, वीज मंडळात वायरमन म्हणून चिकटला. चांगली नोकरी, खांबावर खारीसारखा चढायचा. वहिनी त्याच्यासाठी मुली बघायला लागली होती. संध्याकाळी मात्र आबांच्या सभा, आबांची पत्रकं, आबांच्या पोरांबरोबर फेऱ्या. घुम्या त्याला एका शब्दानं काही म्हणत नसे. मी म्हणायची, ‘अरे, भिंतीवरचं पिवळं तुझ्या डोक्यात उतरलंय की काय?’ तो हसून माझ्याच गालाला हात लावायचा. पोराच्या हसण्यापुढे माझं सगळं शहाणपण ढेपाळायचं.

मग घुम्याला राजधानीतून बोलावणं आलं. मंत्र्यांच्या बैठकीच्या दालनात भिंतभर जुना नकाशा होता. छत गळून त्याचा कोपरा सोलला होता, तो नीट करायचा. खात्यातल्या कुणीतरी याचं नाव सुचवलं. कपडे मीच कडक करून दिले. म्हटलं, मंत्र्यांसमोर जायचंय, रंगाचे डाग घेऊन जाऊ नकोस.

परत आला तो घरी न जाता बसमधून उतरून थेट माझ्या दुकानात. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘ताई, दार लोट.’ आणि बोलायला लागला. मी चाटच पडले. एका कारकुनाच्या शर्टाची बाही इस्त्रीखाली जळून गेली तरी मला वास आला नाही.

झालं होतं असं. टेबलावर धूळ पडू नये म्हणून परांचीसमोर जाड कापड सोडलेलं. हा आत काम करतोय आणि अचानक बैठक ठरली. शिपाई धावत आला, म्हणाला, ‘आता उतरायला वेळ नाही. बसून राहा, खोकायचं नाही.’ पेंटरला कानही असतात हे मोठ्या माणसांच्या ध्यानात येत नाही. तो ब्रश हातात धरून बसून राहिला, आणि कापडाच्या पलीकडे पंतप्रधान, अर्थमंत्री, लष्कराचे मोठे साहेब आणि आबा येऊन बसले.

‘ताई, मला वाटलं होतं आबा ओरडतील,’ घुम्या म्हणाला. ‘आबा ओरडले नाहीत. अर्थमंत्री बोलत होता, आणि तोही कसा, गवंडी किती विटा लागतील ते सांगतो तसा.’

शेजारचा देश वरच्या खोऱ्यातल्या नदीवर धरण बांधत होता. ते झालं की आमच्या खालच्या शहरांचे नळ कोरडे पडणार. वर्षानं निवडणूक. शेजाऱ्यांची फौज दुसऱ्या टोकाला बंडाळीत अडकलेली. म्हणजे करायचं तर आत्ताच. एक पंधरवडा, फार तर तीन आठवडे. धरणाची जागा हाती आली की पुढे बोलणी करता येतील. कुणीतरी किती माणसं पडतील ते विचारलं, आणि साहेबांनी एक आकडा सांगितला. घुम्यानं तो आकडा मला तेव्हा सांगितला नाही, मी विचारलाही नाही.

आणि आबा म्हणाले, ‘आत्ता नको.’ उभ्या जन्मात ज्यांनी दुसरं काही मागितलं नाही, ते म्हणाले आत्ता नको! ‘मी जे बोललो ते पिढ्यांसाठी बोललो. लोकांच्या मनात ते तेवत राहावं म्हणून बोललो. धरणासाठी पोरं मारायला नाही बोललो.’

पंतप्रधानांनी तेवढंच विचारलं, ‘लोक तयार होतील?’ तेव्हा अर्थमंत्र्यानं खुर्ची मागे सरकवली आणि नकाशाकडे हात केला असावा, कारण आवाज एकदम परांचीच्या बाजूनं आला. ‘साहेब, हे बघा. पहिलीच्या वर्गापासून बघताहेत. धरणासाठी मरा म्हटलं तर कोण येईल? पण यासाठी येतील. आपल्याला नवं काहीच पटवायचं नाही. आबांनी काम करून ठेवलंय.’ मग तो आबांना म्हणाला, ‘उद्या रेडिओवर तुम्हीच बोला. तुम्ही नाही बोललात तर लोक विचारतील, इतकी वर्षं मग काय थट्टा करत होता?’

घुम्या म्हणाला, कापडाआडून आबांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

‘आबांनी नाही गं,’ घुम्या शेवटी मला म्हणाला. ‘मी करून ठेवलंय.’

मला रागच आला. ‘एवढा मोठा तू कधी झालास रे?’ मी म्हटलं. ‘तुझ्या ब्रशनं लढाया व्हायला लागल्या? तू नसतास तर दुसरा पेंटर पिवळा भरत होता. उगाच स्वतःला टोचणी लावून घेऊ नकोस. आधी पोराचं बघ.’ कारण मला धास्ती होती ती त्याचीच. वीज मंडळाच्या माणसांना भरतीतून सूट होती. ठिपक्याला कुणी ओढून नेणार नव्हतं. तो गेलाच असता तर आपण होऊन, हात वर करून. म्हणजे त्याला थांबवायचं होतं ते फक्त बोलून, आणि बोलायचं कुणी, तर घुम्यानं!

संध्याकाळी मीही त्यांच्याकडे जेवायला गेले. स्वयंपाकघरात खाली बसलो चौघं. वहिनी वाढत होती. घुम्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. धरण, नळ, निवडणूक, साहेबांचा आकडा. आबा नको म्हणाले तेही सांगितलं. आणि मग ओल्या भिंतीचंही सांगितलं. ‘मला रेघा जमेनात म्हणून मी पिवळा भरला. कंटाळा केला रे मी. त्यात देश नव्हता, काही नव्हतं. तू ज्याच्यासाठी जाशील ना, तो माझा कंटाळा आहे.’

मला वाटलं, सुटलो. याच्यानंतर कोण जाईल?

ठिपक्या घास तसाच हातात धरून ऐकत होता. बापाला इतकं बोलताना त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. तो मुळीच चिडला नाही. चिडला असता तर मी दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. तो हळू म्हणाला, ‘बाबा, खालच्या शहरांना पाणी नको का?’

‘हवं.’

‘मग पाण्यासाठी लढलं तर काय वाईट? आणि खोरं आपलं आहेच, मग पाणीही आपलंच. त्यांनी हिशोब केला म्हणून आपलं खोटं कसं होतं?’

‘अरे, पण ते पिवळं...’

‘तुमच्या कंटाळ्यातून का होईना, खरं तेच बाहेर आलं, बाबा.’ आणि तो त्याचं ते लाघवी हसू हसला. ‘तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मला तर किती अभिमान आहे तुमचा.’

ज्यानं हिशोब ऐकला त्याला वाटलं, हिशोब कळल्यावर श्रद्धा उडेल. पण ठिपक्यासारखी पोरं हिशोबसुद्धा श्रद्धेच्या पोटात घालून मोकळी झाली. मी तोंडाचा पट्टा सोडला, रडले, शपथा घातल्या. त्याचा शर्ट धरून म्हटलं, ‘आईकडे बघ तुझ्या.’ वहिनी चुलीकडे तोंड करून बसली होती. तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, आई. बाबांनीच ऐकलंय ना, मोठ्या साहेबांच्या तोंडून?’ बापानं सावध करायला आणलेली बातमी त्यानं आईच्या समजुतीला वापरली.

दुसऱ्या दिवशी आबा रेडिओवर बोलले. चौकात माणसं उभी राहून ऐकत होती आणि मीही दुकानाच्या पायरीवर उभी होते. भाषण असं झालं की माझ्याही अंगावर काटा आला, खोटं का बोलू. सगळं ठाऊक असून आला. ठिपक्या दुपारीच भरती कचेरीत जाऊन आला. तारांचं काम येतं म्हणून त्याला लगेच घेतलं, लष्कराच्या टेलिफोनच्या तारा ओढायला.

तीन आठवड्यांतच धरणाची जागा हाती आली, हेही खरं. रस्त्यात लोक नाचले. माझ्या दुकानात लोकांनी झेंडे इस्त्रीला आणून टाकले. त्या गर्दीत एक लष्करी अधिकारी आत आला. तरणाच होता. शर्टाची घडी मोडलेली, टोपी हातात. ‘बाई, नकाशे काढणारे पेंटर कुठं राहतात?’

मी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं आणि मला कळलं. दुकान तसंच टाकून मी त्याच्याबरोबर निघाले, आणि वाटभर बोलत सुटले. त्याला गाव कुठलं विचारलं, आई आहे का, जेवण वेळेवर मिळतं का, शर्टाला स्टार्च किती घालतात, मिळेल ते. मी बोलत होते तोवर त्याला तोंड उघडता येणार नव्हतं, आणि त्यानं तोंड उघडलं नाही तोवर माझा ठिपक्या होता. बिचाऱ्यानं सगळ्याची उत्तरं दिली. मग आमची गल्ली आली.

लढाई संपल्यावर गेला होता तो. खिंडीत तुटलेली तार जोडायला खांबावर चढला आणि पलीकडून एक शेवटचा गोळा आला. तिथंच उतारावर सगळ्यांना मातीत ठेवलंय, अधिकारी म्हणाला. रस्ता नीट झाला की घरी आणू. घुम्या नुसता ‘बरं’ म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि त्यानंतर किती तरी दिवस बघितलंच नाही.

पुढे एकदा आबा आले. घरी जायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. पार वाळले होते. म्हणाले, ‘ताई, मी नको म्हटलं होतं.’

‘ठाऊक आहे,’ मी म्हटलं. ‘आत म्हणालात. बाहेर काय म्हणालात?’

मग मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आबांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, आणि काठी टेकत निघून गेले. नंतर मला वाईट वाटलं. अर्थमंत्री कधी कुणाकडे आला नाही, आणि माझं सगळं विष त्या आलेल्या माणसावर सांडलं.

वर्ष उलटलं, निवडणूक झाली, तीच माणसं निवडून आली. मग दोन्ही सरकारं बोलायला बसली. धरणाचं निम्मं पाणी आम्हाला कायमचं मिळणार, आणि त्या बदल्यात खोरं त्यांचं, हे आम्ही मान्य करणार. सह्या झाल्या. अर्थमंत्री रेडिओवर म्हणाला, ‘देशाला जे हवं होतं ते मिळालं.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. शहरांचे नळ आजही वाहतात, मीही त्याच पाण्यात कपडे धुते. पण उतारावरचं कुणी घरी यायचं राहून गेलं. आता तिथं जायचं तर शेजाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही.

आणि खात्याचा हुकूम आला, सगळ्या शाळांमध्ये खोरं करडं करायचं.

मी घुम्याला म्हटलं, ‘तू नको जाऊस. करू दे दुसऱ्या कुणाला.’ तो डब्यात करडा ढवळत होता. म्हणाला, ‘दुसरा घाईघाईनं फासून मोकळा होईल. तिथं माझा पोरगा आहे, नीट व्हायला पाहिजे.’ वहिनी दारातून म्हणाली, ‘जा. तुम्हीच दिलंत, तुम्हीच काढून घ्या.’ किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती, आणि बोलली ते हे. त्याला एकट्याला धाडवेना, म्हणून मी दुकान बंद करून बरोबर गेले.

पहिलीच शाळा जुन्या बाजारामागची. मधली सुट्टी होती. घुम्या परांचीवर चढून वरचा कोपरा घासायला लागला तशी पोरं गोळा झाली. काही ओरडली, काही हसली, गुरुजींनी हाकललं तेव्हा पांगली. एक मुलगी तेवढी हलेना. दोन वेण्या, एक सुटलेली, डबा छातीशी धरलेला. तिसरीतली असेल.

‘काका, ते पुसू नका,’ ती म्हणाली. ‘ते आपलं आहे.’

घुम्यानं हात थांबवला. ‘आता नाही, बाळ. आता ते त्यांचं.’

‘माझा दादा आहे तिथं.’

मी वर बघितलं. घुम्या सावकाश खाली उतरला. गुडघे टेकून तिच्याएवढा झाला. त्याच्या हाताला करडा रंग होता म्हणून तो तिला हात लावत नव्हता. ‘माझा मुलगाही आहे तिथं,’ तो म्हणाला. ‘कदाचित तुझ्या दादाशेजारीच असेल.’

तिला ते आवडलं असावं, शेजारी असणं. मग तिनं ठामपणे सांगितलं, ‘मी मोठी झाले की परत आणणार आहे.’

‘काय?’

‘खोरं.’

‘अगं, तिथं काही नाही गं,’ घुम्या म्हणाला. तो विनवत होता, जसा त्या संध्याकाळी ताटावर विनवत होता, तसाच. ‘डोंगर आहेत नुसते. पाणी तर आपल्याला मिळालं. तिथं आता फक्त माझा मुलगा आहे आणि तुझा दादा आहे. दुसरं काही नाही.’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली.

घंटा झाली आणि ती वर्गाकडे पळाली. घुम्या तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मी त्याला उठवायला गेले तर त्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, ‘ताई, तिला थांबवायला मी आता काय सांगू गं?’ पोरगा गेला तेव्हा न रडलेला माझा भाऊ भर मैदानात ओक्साबोक्शी रडला, आणि वर्गांच्या खिडक्यांतून पोरं त्याला बघत होती.